माझ्या नावाचा जबाब

बाबा,

'प्रिय' लिहवत नाही.

नारीनला तीन खेपा घालून मी कोर्टातून तुमच्या नि आईच्या घटस्फोटाच्या कागदांची नक्कल मिळवली. पहिल्यांदा तिथल्या कारकून बाईंनी अर्ज परत केला. म्हणाल्या, "नक्कल नवऱ्याला नाहीतर बायकोला मिळते. तू कोण?"

"ज्या मुलीवरून भांडण झालं ती मीच," मी म्हणाले. "हा माझा जन्मदाखला."

शेवटी न्यायाधीशांची परवानगी आणली, तेव्हा फाईल निघाली.

आई मला टाकून गेली, असं तुम्ही बावीस वर्षं सांगत आलात. फाईलमध्ये तिचे चार अर्ज आहेत. चौथ्यात ती म्हणते, पोरीला रविवारी तासभर तरी भेटू द्या. त्याला माझा जबाब जोडलाय: "मला आईचं तोंडही बघायचं नाही." खाली माझं नाव, बुरुलचा.

सहा वर्षांची होते मी, बाबा! मला धड नावही लिहिता येत नव्हतं. ते अक्षर तुमचं आहे. जबाब वाचून दाखवल्यावर आईने अर्ज मागे घेतला, अशी खाली नोंद आहे.

मी तिथेच ओरडले. बाईंनी मला खुर्चीत बसवून चहा पाजला.

हे पत्र मी टाकणार नाही. कळलं तर माझ्याआधी तुम्ही तिला गाठाल आणि नवं काहीतरी रचाल. ती अजून अर्जावरच्याच पत्त्यावर राहते, मी चौकशी केलीय. उद्या सकाळच्या गाडीने तोकमोकला निघतेय. तिने दार लावून घेतलं, तर बाहेरून ओरडून सांगेन, ते मी लिहिलं नव्हतं.

बुरुलचा