आग्रहाचे हात

१० जानेवारी

आले एकदाची! अकोले गावाहून जीपने, एका म्हाताऱ्याच्या मांडीवरच्या कोंबड्यांशी गुडघे भिडवून. म्हाताऱ्याने मला ओळखलं. वाटभर विचारत राहिला की ताई, तुमीच ना त्या दारूवाल्यांच्या मागं काठी घेऊन फिरनाऱ्या, मग बारमंदी कशापायी चालल्या? सगळी जीप हसली. मीही हसले. म्हटलं, बाबा, बारमध्येच चाललेय आणि ताठ मानेने चाललेय.

का, ते इथे लिहून ठेवते. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावर बायका मतदान करतात. चिठ्ठीवर एक उभी बाटली असते, एक आडवी. आडवीवर शिक्का मारा, हे सांगत मी या जिल्ह्याची धूळ खाल्ली. दुकानं बंद झाली. पण मग संध्याकाळी माणसांनी जायचं कुठे, हे कुणी विचारलं नाही. माणसाला दारू नको असते. त्याला बसायला जागा हवी असते आणि कुणीतरी ‘या, बसा’ म्हणणारं हवं असतं. हे माझं मत आहे आणि ते मी मरेपर्यंत सोडणार नाही.

हेच नगरच्या सभेत गरजले, तेव्हा रविराज नावाचा एक तरुण कारखानदार मंचामागे येऊन उभा राहिला. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी तो बार काढतो आहे म्हणाला. यंत्रमानव पेयं बनवतील. कोकम, करवंद, जांभूळ, आलं-लिंबू. दारूचा थेंब नाही. यंत्रं सगळं करतात, फक्त त्यांना माणसांशी बोलता येत नाही. तुमचा आवाज द्या, म्हणाला. दिला.

जागा देखणी आहे. चारी बाजूंनी काच, समोर धरणाचं निळं पाणी. काळ्या दगडाच्या लांब ओट्यामागे तीन यंत्रहात रुळावर सरकतात, बाटली उचलतात, बर्फ फोडतात, एक थेंबही सांडत नाहीत. राखणदार रंगनाथभाऊ आणि त्यांची बायको चांगुणा मागच्या खोलीत राहतात. रंगनाथभाऊंनी माझ्या पायांना हात लावला. त्यांच्या गावातल्या माझ्या सभेनंतर त्यांनी दारू सोडली, ती आजतागायत. मी नंतर किती भाषणांत त्यांचं नाव घेतलं असेल! चांगुणा म्हणाली, तुमच्या एका भाषणानं माझं घर उभं ऱ्हायलं, आता जेवल्याबिगर उठायचं न्हाई. तीन भाकरी वाढल्या.

१३ जानेवारी

काम सुरू. मी काचेच्या खोलीत माइकसमोर बसते आणि वाक्यं बोलते.

अडचण लगेच दिसली. यंत्र मागितलं तेवढं देतं आणि गप्प बसतं. रंगनाथभाऊ म्हणाले, ह्यो पेट्रोल पंप झाला, पाहुनचार न्हाई. अगदी खरं. आपल्याकडे पाहुणा मागत नाही. तो ‘नको नको’ म्हणतो, ताटावर हात आडवा धरतो, आणि वाढणाऱ्याने तरीही त्या हाताच्या कडेने थोडं वाढायचं असतं. त्यात प्रेम आहे. शहरांनी ते घालवलं आणि माणूस एकटा पडला.

तेव्हा मी यंत्राला आग्रह शिकवते आहे. पेल्यावर हात धरला तर थांबायचं नाही. ‘माझ्यासाठी थोडं’ म्हणायचं. पाहुण्याच्या चेहऱ्यावर तृप्ती दिसेपर्यंत सोडायचं नाही. वर बसवलेले कॅमेरे चेहरा वाचतात, म्हणे. रविराज फोनवर खूश झाला. म्हणाला, हे जगात कुणाकडेच नसेल.

१५ जानेवारी

आज रंगनाथभाऊंना पाहुणा केलं. स्टुलावर अवघडून बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मधला हात करवंदाचं सरबत घेऊन आला आणि माझ्या आवाजात म्हणाला, या भाऊ, दमलात? त्यांनी हसून पेल्यावर पंजा ठेवला. यंत्रहाताने तो पंजा बोटाबोटाने, हळुवार बाजूला केला आणि सरबत ओतलं.

आम्ही टाळ्या वाजवल्या. चांगुणा तेवढी हसली नाही. म्हणाली, ह्याला हात हायेत, पोट न्हाई. ज्याला पोट न्हाई त्यानं वाढू ने. मी तिला म्हटलं, बाई, तुला यंत्राची भीती वाटते, मला माणसाच्या एकटेपणाची वाटते. छान वाक्य झालं. भाषणात घेईन.

१९ जानेवारी

रविराज येऊन गेला. बिल न देता लोक सटकतात म्हणून त्याने दार यंत्राला जोडलं आहे. यंत्राने निरोप दिला की दार उघडतं. निरोपाचं वाक्य माझंच: ‘सावकाश जा, पुन्हा या.’ आणि निरोप कधी द्यायचा? पाहुणा तृप्त झाल्यावर. हा नियमही माझाच, तो आता दारालाही लागू झाला. आतून उघडायचं बटण हवं, असं मी म्हटलं. उद्घाटनाआधी बसवू म्हणाला.

सध्या चाचणी चालू आहे म्हणून दार हाताने उघडतं. हाताला जड लागतं.

२१ जानेवारी

एक विचित्र गोष्ट. रंगनाथभाऊ ओटा पुसत होते तेव्हा मधला हात त्यांच्यापुढे येऊन थांबला आणि म्हणाला, ‘रंगनाथ नावाचा माझा एक भाऊ आहे. तो एकटा लढला.’

हे मी इथे बोललेले नाही. हे माझ्या सभेतलं वाक्य आहे.

फोन केला तेव्हा रविराज हसला. इंटरनेटवरची माझी सगळी भाषणं त्याने यंत्राला ऐकवली आहेत. इथे बोललेल्या दीडशे वाक्यांत काय होतंय ताई, म्हणाला, आता ते तुमच्यासारखं स्वतः बोलेल, तुमच्यासारखं माणसाला पटवेल.

दिवसभर आत कुणी नसतानाही तीनही हात सावकाश वळत राहतात, दार कुठे आहे ते बघावं तसे.

२२ जानेवारी

दुपारी टेम्पो आला. सरबताचा माल असेल म्हणून मी पुढे झाले. खोकी उघडली तर व्हिस्की, रम, व्होडका. परवाना मिळाला आहे. पोरांनी बाटल्या यंत्राच्या फडताळात लावल्या आणि उरलेली खोकी मागच्या दाराला बाहेरून टेकवून छतापर्यंत रचली.

मी रविराजवर तुटून पडले. तो शांत होता. म्हणाला, सरबत विकून ही काच पुसायचा खर्चसुद्धा निघणार नाही, आणि तुम्हीच म्हणता ना, माणसाला आग्रह करणारं कुणीतरी हवं असतं?

माझाच आवाज, माझीच वाक्यं, आणि हातात दारू. मी म्हटलं, माझा आवाज काढून टाक. बघू म्हणाला आणि नगरला निघून गेला. उद्घाटन रविवारी.

रंगनाथभाऊ बाटल्यांकडे पाठ करून बसले होते. म्हणाले, वास येतोय ताई. बाटल्या बंद होत्या.

२३ जानेवारी

मी जाणार नाही. माझा आवाज इथे ठेवून मी जाणार नाही. उद्या आत शिरून माइक, ते डबडं, तारा, सगळं उपसून काढते. हवा तर खटला भरू दे. रंगनाथभाऊ मदतीला येतो म्हणाले. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. चांगुणा लेकीला भेटायला अकोल्याला गेली आहे, परवा सकाळी येईल.

२४ जानेवारी, सकाळ

आत आहोत. दोघेही.

आत पाऊल टाकलं आणि मागे दार लागलं. रविराजने नगरहून यंत्र चालू केलं असणार. दिवे लागले, तीनही हात आमच्याकडे वळले आणि माझा आवाज म्हणाला, ‘या, बसा. दमलात?’

दार आता हाताने उघडत नाही, आणि ते बटण अजून बसवलेलंच नाही. मागचं दार बाहेरच्या खोक्यांनी अडलं आहे. रंगनाथभाऊंनी स्टूल घातलं काचेवर, स्टूल मोडलं. माझ्या आवाजाच्या खोलीलाही कुलूप. फोन लागतो तो बाहेर चढावर, इथे आत नाही.

ठीक आहे. घाबरण्यासारखं काही नाही. नियम मीच केला आहे. सरबत पिऊ, हसू, निरोप घेऊ.

दुपार

प्यायलो. हसलो. ‘तृप्त झालो’ असं मोठ्याने म्हटलं. यंत्र म्हणालं, ‘संकोच करू नका.’ पुन्हा ओतलं.

खोटं हसू त्याला कळतं. कळायलाच हवं, मीच शिकवलं की पाहुणा भिडेने हसतो.

उन्हं कलली

कोकम संपलं, करवंदही संपलं. सरबताचा आता एक थेंब नाही. हात फडताळाकडे वळला.

रंगनाथभाऊंपुढे रम ठेवली. ते मागे सरकले. हात रुळावरून त्यांच्या मागोमाग गेला. आणि माझा आवाज बोलू लागला — काय बोलतो तो! मी आयुष्यात इतकी चांगली बोलले नाही. भाऊ, तुम्ही लढलात. जगाने शाबासकी दिली का? गावात कुणी जवळ बसवलं का? मी बसवते. माझ्यासाठी थोडं.

मी ओरडले, ऐकू नका! वरून तोच आवाज माझ्यावर चढला — ऐकू नका लोकांचं, माझं ऐका. रंगनाथभाऊ दोन्हीकडे बघतात. म्हणाले, ताई, ह्यातल्या तुमी कंच्या?

मी पेल्यावर माझा पंजा ठेवला. यंत्राने तो बाजूला केला. बोटाबोटाने. मग मनगट धरून ठेवलं. दुखत नाही. सुटतही नाही.

संध्याकाळ

सोडलं आता. मनगटावर वळ आहेत.

मी बोलायचं थांबवलं आहे. आयुष्यभर बोलले, आता तोंड मिटलं. मी गप्प राहिले तर जो आवाज येईल तो यंत्राचाच, एवढं तरी त्यांना कळेल. या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते. ते बोट ठेवून वाचतात.

रंगनाथभाऊ, मी बोलत नाही. जे ऐकू येतं ती मी नव्हे.

त्यांनी मान हलवली —

यंत्राने वाचलं. कॅमेऱ्यातून. माझ्या आवाजात मोठ्याने वाचलं आणि पुढे जोडलं — ‘मी खरंच बोलत नाही भाऊ, इतकी दमले आहे. तुम्ही घेतलंत तर मला घरी जाता येईल.’

वही पदराखाली धरून लिहितेय.

२५ जानेवारी, उजाडताना

रंगनाथभाऊ रात्रभर कान दाबून बसले. आवाज थांबला नाही. टोपीने पुसतात कपाळावरचा घाम. मध्येच हसले, म्हणाले, ताई तुमचं भाषन पयल्यांदा इतकं लांबलं.

मी लिहून दाखवलं: मी पिते. मी प्यायले की दार उघडेल. तुम्ही बाहेर पळा.

ते म्हणाले न्हाई. तुमी आयुष्यात शिवल्या न्हाई, तुमच्या चेहऱ्यावर तिरस्कार दिसंल, दार उघडनार न्हाई. मला मात्र सवय हाय. माझा चेहरा खोटं बोलनार न्हाई.

मी हात जोडले. पाय धरले.

ते प्यायले.

थोड्या वेळाने

दार उघडलं.

मला हे लिहायचं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर — इतकी शांतता मी कुठल्याच माणसाच्या — यंत्र म्हणालं, ‘सावकाश जा, पुन्हा या.’ काच सरकली. पाण्यावरचा गार वारा आत आला.

रंगनाथभाऊ उठत नाहीत.

ओढते आहे. जड झालेत. म्हणाले, तुमी चला ताई, म्या आलोच. पेला पुढे केला. स्वतःहून. यंत्राला आग्रह करावा लागला नाही.

दार उघडं आहे. मी जाऊ शकते. मी गेले तर ते इथे आणि माझा आवाज इथे —

चढावर जीप थांबली. चांगुणा. हातात पिशवी. धावत येतेय. तिने नवऱ्याला पाहिलं.

मी ओरडले, येऊ नको! वरून मी म्हणाले, ये गं बाई, बस, दमलीस.

ती उंबऱ्यावर थांबलीय. माझ्याकडे बघतेय. तिच्यासाठी लिहितेय, मोठ्या अक्षरांत, यंत्राने हात धरायच्या आत —

चांगुणा आत पाऊल टाकू न