वाट बदलली, नियम नाही

विल्फ्या, ताईचा आशीर्वाद.

आणि वर हे रेल्वेवाले मलाच शिकवतात की स्वस्तात आधी काढलेलं तिकीट त्याच गाडीला चालतं! ती गाडी बर्फानं रद्द केली, तर मी काय चालत जाऊ? फलाटावर पाय गोठेपर्यंत भांडले, तेव्हा म्हणाले, याच तिकिटावर डोंगरातल्या गाडीनं जा.

डोंगरातली म्हणजे आपल्या दारावरून जाणारी. बाहेर सगळं पांढरं, कसला आवाज नाही. झोपेत कुणी उचलून नेतंय असं वाटत होतं. आणि गाडी सिग्नलला थांबली ती नेमकी आपल्या फाटकासमोर! लहानपणी तिथंच उभं राहून आपण गाड्यांना हात करायचो. या वेळी मी आतून रुमाल हलवला, वेड्यासारखा. दोन पोरं फाटकावर दिसतील असंच वाटत होतं.

घराच्या धुराड्यातून धूर निघत होता, जीव भांड्यात पडला. पण दारापासून फाटकापर्यंत बर्फावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. तुझी बायको नेल गेल्यापासून बाहेरच पडत नाहीस का रे? खातोस काय? फोनही उचलत नाहीस.

पुढच्याच स्टेशनात उतरायला उठले, तर गार्ड म्हणतो, “बाई, वाट बदलली, नियम नाही. मध्ये उतरलात की तिकीट संपलं.” बसले गुमान.

लेकीकडे, जोनकडे, कार्लाइलला सुखरूप पोचले. पोरगी मजेत आहे.

रविवारी परत निघते, त्याच डोंगरातल्या गाडीनं; नेहमीची वाट अजून बंदच आहे. शुक्रवारपर्यंत तुझं उत्तर हवं. नाही आलं, तर तिकीट गेलं खड्ड्यात, मी मध्येच उतरणार. फाटकापर्यंतचा बर्फ तेवढा काढून ठेव.

तुझी ताई,
हिल्डा