हमीदचं खाकरणं

३ फेब्रु. ५८
काल परळच्या सभेत घसा फुटेस्तोवर ओरडलो. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. आज मशिदीमागच्या खोलीत सबक दिला, तर चौदाची चौदा पोरं घोगऱ्या आवाजात कुराणातली सूरत म्हणायला लागली. चार-पाच वर्षांची ती. ऐकतील तसं उचलतात, घशासकट. मुल्लाजी हसून बेजार. "कॉलेज सोडलंस, आता नारेपण सोड बाबा. अख्खं लालबाग घोगरं करशील!"

६ फेब्रु.
हमीद सूरत म्हणायच्या आधी दोनदा खाकरला. हनुवटी वर करून, मोठ्या माणसासारखा. सर्दी नाही. मी खाकरत नाही. मग हे कोणाचं?
हमीद सकीनाचा भाचा, तिच्याच घरात राहतो. तिचे अब्बा तपकीर ओढतात, शिंकतात. खाकरत नाहीत. म्हणजे घरात कोणीतरी...
"घरी कोण शिकवतं रे?"
"सकीनाखाला बोलली, सांगायचं नाय."
ओरडलो, पाटीवर हात आपटला. पोर रडलं. चूक माझी.

८ फेब्रु.
हमीदकडून निरोप. "भाय, खाला बोलते, पोरांवर ओरडतो तो उद्या बायकोवर ओरडेल."
कोणाच्या बायकोवर? दिवसभर हेच डोक्यात.
बताशा दिला तेव्हा पठ्ठ्या फुटला. "टोपीवाले काका येतात. शिवडीचे."

१४ फेब्रु.
जुम्म्याच्या नमाजाला मुद्दाम शिवडीच्या मशिदीत गेलो. तिथले नवे हाफिजसाहेब. अख्खं कुराण तोंडपाठ. तरणा, गोरा, इस्त्रीचा कुर्ता. मिंबरच्या पायऱ्या चढला, हनुवटी वर, दोनदा खाकरला. हाच.

१५ फेब्रु.
मुल्लाजींना विचारलं. "सकीनाच्या अब्बांनी बोलावलाय, पोराला शिकवायला."
"नुसतं शिकवायला?"
दाढी कुरवाळत बसले. "ईदनंतर कळेल. तू जरा कामधंद्याचं बघ."
म्हणजे यांनाही ठाऊक! सगळ्यांना ठाऊक!

१८ फेब्रु.
लहानपणी मी नि सकीना याच खोलीत शिकलो. एका सूरतीत दुसऱ्या आयतीनंतर तिचा दम संपायचा. सगळा वर्ग तिच्यासाठी थांबायचा. आज तीच सूरत दिली. तिथंच थांबलो, मनात चार मोजले. शब्दाला धक्का नाही, तो गुन्हा माझ्याकडून व्हायचा नाही. आयत संपल्यावर थांबायला मुभा आहे. पोरंही थांबली.
हमीद हे घरी नेणारच.

१९ फेब्रु.
हमीद आज खाकरला नाही. दुसऱ्या आयतीनंतर थांबला. मी मोजत होतो. तीन, चार. पोर गप्प. सातला पुढे गेलं.
"इतकं थांबायला कोणी सांगितलं?"
तोंडावर बोट.
माझे चार, वरचे तीन घरून आलेले. सकीनानं? की त्या हाफिजनं ओळखलं, नि माझी थट्टा चाललीय? हमीदचं तोंड निरखलं. काही कळेना.
ओरडलो नाही. पुन्हा म्हणायला लावलं.
सातच.