फोटोतला धूर

सुगिया जहाजीबहिणी,

फोटोवाला साहेब ओरडायचा, "हलू नकोस!" आणि तू नेमकी तेव्हाच मान हलवायचीस. त्याच्या फोटोच्या तीन काचा वाया गेल्या; चौथी त्याने तशीच ठेवली. मी चिडले, "जरा ढिम्म उभी राहा की!"

तू म्हणालीस, "काय करू, माशी बसते."

खोटारडे! उसात तुझ्या पायावरून साप गेला, तेव्हा पापणीसुद्धा हलली नव्हती तुझी.

एकाच जहाजातून करारावर इथे ऊस तोडायला आलो आपण, पण करार संपायच्या आत तू मळ्यातून पळालीस. आता मॅनेजर तोच फोटो घेऊन अख्ख्या डेमेरारा वसाहतीत तुला शोधतोय. आम्ही बाराजणी त्यात लख्ख दिसतो. तुझ्या मानेवर मात्र नुसता धूर!

काल त्याने मला दरडावलं, "दिसायला कशी होती ती?"

मी म्हटलं, "फोटोत आहे ना साहेब, अगदी तश्शीच."

तुझा पत्ता मला ठाऊक नाही. कधी कळूही नये.

तुझी,
बतासिया