आई उठली की नाही

मु. उधना, सुरत
ता. ७ मार्च १९९६

तीर्थरूप सुकदेवदादांच्या पायांवर धाकट्या उषाने डोकं टेकवलं आहे असं समजावं. वहिनींनाही नमस्कार, आणि त्यांना सांगा की त्यांनी दोन पत्रांची उत्तरं दिली नाहीत हे मी मुळीच मनात धरलेलं नाही, फक्त ध्यानात ठेवलं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? निरगुडीचा पाला बांधता का नुसतं झाडाकडे बघता? आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. होळी पार पडली, रंगाने नळाचं पाणी संपलं, ह्यांचा खोकला तसाच आहे (बिडीही तशीच आहे). हे पत्र माझं मीच लिहिते आहे. चंचल म्हणाली, आई तू सांग, मी लिहिते. पण ती माझ्या बोलण्यात साखर घालते. मी तिसरी शिकलेली, अक्षर वाकडं आहे पण डोकं सरळ आहे, तुम्ही सावकाश वाचा.

पत्र लिहायचं कारण तुमच्यापर्यंत पोचलंच असेल. नंदुरबारचे पंडितआप्पा चंचलला बघून, जेवून, चहा पिऊन, सुपारी न फोडता परत गेले. तुम्ही दोन वर्षं चपला झिजवून आणलेलं स्थळ, पोरगा योगराज शांत, आय.टी.आय. झालेला, चंचललाही पसंत (ती बोलत नाही, पण त्या दिवशी तीनदा वेणी घातली). मग बिनसलं कशावरून? हुंड्यावरून नाही, मानपानावरून नाही. एका पिच्चरमधली म्हातारी झोपेतून उठली की नाही, एवढ्यावरून. तुम्ही हसाल. आधी हसून घ्या, मी थांबते.

झालं असं. पाहुणे पंचवीस तारखेच्या रविवारी येणार हे तुम्ही कळवलेलं. आणि नेमकं त्याच दिवशी ह्यांच्या छगनशेठने बमरोलीला नव्या खात्याची पूजा ठेवली (इथे मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात, पोस्टातलं नव्हे). शेठ म्हणाला, पाहुण्यांनाही घेऊन या, पूजा आहे, जेवण आहे आणि वर देवाचा पिच्चर आहे. मी म्हटलं बरंच झालं, पुरी-शाक आणि मोहनथाळ शेठच्या खर्चाने, मला काय वाईट. रिक्षा करून सगळे गेलो. प्रसाद झाला, जेवणं झाली, आप्पांनी मोहनथाळ चार वेळा घेतला (हे मी भांडणाच्या आधी मोजलं होतं, म्हणजे मनात किल्मिष नव्हतं). मग दुपारी खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला आणि रीळवाल्याने मशीन मांडलं.

पडदा म्हणून मागावरून उतरलेलं कोरं कापड, दोन पन्हे जोडून शिवलेलं. ते भिंतीवर लावलं होतं आणि सगळे समोर गर्दी करून बसायला लागले. मी म्हटलं, हे चालायचं नाही. होणारे सासरे मांडी घालून बसलेत आणि त्यांच्या डोळ्यासमोर माझी पोरगी पाय पसरून पिच्चर बघणार? उद्या नंदुरबारला काय सांगतील? शेजारच्या धुरपदाबाईने माझी बाजू घेतली (ती कोणाचीही घेते, जो पहिला बोलेल त्याची). शेवटी शेठने ते कापड खोलून खात्याच्या मधोमध दोन खांबांना बांधलं. इकडे बायका, तिकडे पुरुष आणि मशीन. कापड पातळ, चित्र दोन्हीकडून दिसत होतं. पडदा तोच आणि आडोसाही तोच. माझं मलाच कौतुक वाटलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला त्याची लाज वाटणार आहे.

पिच्चर सुरू झाला तर देव कुठे? रीळवाल्याने भलतीच पेटी आणलेली. फॉरेनचा पिच्चर, वरून हिंदी बोलणं चिकटवलेलं. सुरुवातीला भरपूर अक्षरं आली, पण ती इंग्रजी, आम्हाला त्यात काय. शेठ म्हणाला आता चालू द्या. दादा, गोष्ट सांगते, नीट ऐका, कारण भांडण तिच्यातच आहे. एक पोरगा असतो. त्याची आई अकरा वर्षं झोपलेली, काही केल्या उठत नाही. एक डॉक्टर डोक्याला लावायचं पातेल्यासारखं यंत्र करतो, ते घातलं की माणूस दुसऱ्याच्या स्वप्नात शिरतो. पोरगा आईच्या स्वप्नात शिरतो. तिथे जिन्याच्या पायऱ्या संपून एकदम पाणी लागतं, पंख्यात मासे फिरतात, दार उघडलं तर आत वाळवंट आणि वाळवंटात याच पोराच्या लहानपणीचा पलंग. आणि गंमत अशी, की तो जागा होतो असं वाटतं तर तेही स्वप्नच निघतं. मग कळायचं कसं? तर डॉक्टर त्याला सुरुवातीलाच बजावतो, हातातलं घड्याळ बघत जा. डाव्या हातात असेल तर तू जागा, उजव्या हातात असेल तर स्वप्न. एवढी एकच खूण. मी ती पदराला गाठ मारून ठेवली. बाकीच्या बाया बडबडत होत्या, मी फक्त मनगट बघत होते, पण मेल्याची बाही लांब, घड्याळ काही दिसेना.

(एक सांगायचं राहिलं. फॉरेनचे लोक सगळे डावखुरे असतात. जेवणं डाव्या हाताने, लिहिणं डाव्या हाताने, हात मिळवायचा तोही डावा. मी धुरपदाबाईला म्हटलंसुद्धा, शी, यांना आयांनी काही शिकवलं नाही का.)

शेवटी काय होतं, की तो पोरगा पलंगाजवळ बसलेला असतो, आणि म्हातारी डोळे उघडते, उठून बसते आणि म्हणते, बेटा, भूख लगी है. तो तिच्या गालावर हात ठेवतो. बाही मागे सरकते, हातात घड्याळ. आणि दादा, ते उजव्या हातात! म्हणजे उठली नाही. म्हणजे तो मेला अजून स्वप्नातच आहे, आणि आई तशीच पडलेली आहे. आम्ही सगळ्या बाया रडायला लागलो. आणि त्याच घटकेला कापडाच्या पलीकडून टाळ्या आणि शिट्ट्या! मला इतका संताप आला की विचारू नका. कोणाची आई मरणाला टेकलेली, आणि हे टाळ्या पिटतात?

लाईट लागले. मी तरातरा पलीकडे गेले. पंडितआप्पा चष्मा वर करून डोळे पुसत हसत होते. मी म्हटलं, हसायला काय झालं? ते म्हणाले, ‘उठनी ना माय!’ मी म्हटलं, कसली उठली? नाही उठली. ते म्हणाले, ‘सगळास्नी देखं. बाईमानूसले पिच्चर काय समजस?’ आता दादा, ते होणारे व्याही, गप्प बसायला हवं होतं हे मला माहीत आहे. पण मग मी मी कशी? मी म्हटलं, ‘चष्मा पुसी ल्या आप्पा, डोयास्ना जागे गुंड्या लायेल शेतीस का?’ होणाऱ्या व्याह्याच्या डोळ्यांना गुंड्या म्हटलं मी! रिक्षा करून परत आलो. घरी मी सुपारीचं ताट मांडलं, त्यांनी पाणी मागितलं, टोपी घातली आणि म्हणाले, जिला दिसतं ते पटत नाही तिच्या पोरीला घरात घेऊन मी काय करू. योगराज मागे वळून दोनदा बघत गेला. चंचल मोरीत जाऊन भांडी घासत बसली. भांडी घासलेलीच होती.

त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही. पोरीचं मोडलं हे तर आहेच, पण त्याच्या मागून सारखं तेच: उठली की नाही? एवढे लोक तिथे होते, सगळे एकाच कापडाकडे बघत होते, मग असं कसं? मी एकेकाला धरून विचारलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, बढिया पिच्चर होता, त्यात आपलं गाव होतं, मी विहिरीत पोहत होतो. हे पहिल्या दहा मिनिटांत झोपले होते आणि स्वतःचं स्वप्नच पिच्चर म्हणून सांगत होते! स्वप्नाच्या पिच्चरात झोपणारा सुरतेत हा एकच माणूस असेल, तो नेमका माझ्या कपाळी. धुरपदाबाई म्हणाली, अगं ती म्हातारी म्हणजे देवीच, शेठने देवाचाच पिच्चर सांगितला होता ना. आणि ती पडद्याला हात जोडून सव्वा रुपयाही ठेवून आलेली. आमच्या बाजूच्या सगळ्या बाया म्हणाल्या, उठली नाही. ह्यांच्याबरोबरचे सगळे कारागीर म्हणाले, उठली. एकही बाई फुटेना, एकही बाप्या फुटेना. मला वाटायला लागलं, बायका आणि पुरुषांचे डोळेच देवाने वेगळे केले असतील, आणि हे आपल्याला लग्नाआधी कोणी सांगत नाही.

सोडवलं छगनशेठने, आणि तेही नकळत. मी परवा ह्यांचा डबा द्यायला गेले तर शेठ ह्यांच्यावर तापलेला. म्हणतो, पिच्चर बघितलाच नाही मी, मी कापड बघत होतो, सगळ्या पाहुण्यांसमोर इज्जत गेली, ‘डाबी बाजु तार गयेलो छे, आखो पट्टो देखातो हतो!’ म्हणजे कापडाच्या डाव्या बाजूला सुताची एक तार वरून खालपर्यंत तुटलेली, उजेड तिथून रेघेसारखा आरपार येत होता. ते कापड ह्यांच्याच मागावरचं. ती रेघ मीही बघितली होती. पण मी म्हटलं, शेठ, रेघ उजवीकडे होती. शेठ म्हणाला डावीकडे. मी म्हटलं उजवीकडे. हे मध्ये उभे राहून मला डोळ्याने खुणावत होते की आता ह्याला तरी गुंड्या म्हणू नको.

कापड अजून तिथेच टांगलेलं होतं. मी सरळ बायकांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. रेघ उजवीकडे. मग वाकून कापडाखालून पलीकडे गेले. रेघ डावीकडे. परत इकडे आले. परत तिकडे गेले. चार वेळा झालं तेव्हा शेठने ह्यांना विचारलं, बेनची तब्येत बरी आहे ना. आणि मला एकदम समजलं. पोलकं उलटं केलं की डावी बाही उजवीकडे जाते. आम्ही पिच्चर उलट्या बाजूने बघितला! म्हणून ते सगळे डावखुरे. ती इंग्रजी अक्षरंही उलटीच असणार, पण मला सुलटी काय आणि उलटी काय. आणि घड्याळ डाव्याच हातात होतं. पोरगा जागा होता. आई उठली होती.

मी तिथे सुताच्या पेटीवर बसले. खरं सांगू, पहिल्यांदा मला आप्पांचा राग आला नाही की स्वतःचाही नाही. नुसतं बरं वाटलं. दादा, आपली आई शेवटचे चार महिने तशीच पडून होती तेव्हा तुम्ही रोज म्हणायचे, उठेल. मी म्हणायचे, नाही उठणार, उगीच आशा लावू नका. खरं माझंच झालं. पण त्या वेळी तुम्ही रोज तिच्याशी बोललात, आणि मी आधीच रडून मोकळी झाले होते. तेवढंच आठवलं. पुढे लिहीत नाही, शाई फुटते.

तर मुद्दा असा, की बायकांना वेगळं बसवा म्हणून हट्ट करणारी मी, कापड मध्ये बांधायला लावणारी मी, आणि गुंड्या म्हणणारीही मीच. आप्पांच्या बाजूने आप्पांनी बघितलं ते बरोबर होतं. हे मी माझ्या हाताने लिहून देते आहे. एवढा भाग त्यांना वाचून दाखवा, बाकीचा घडी घालून ठेवा. मुलांना आशीर्वाद, वहिनींना पुन्हा नमस्कार.

तुमची,
उषा

ता.क. गुडघ्यामुळे प्रवास होत नसेल तर मी समजू शकते. पण नंदुरबारला जाऊन आप्पांना घेऊन या. मागच्या वेळी गुडघा असाच होता आणि तुम्ही कुस्त्यांना गेला होतात.

ता.क. २. पत्र पाकिटात घालताना चंचलला सगळं सांगितलं. तिला जरासुद्धा नवल वाटलं नाही. खोदून विचारलं तेव्हा कळलं, योगराज मध्येच पाणी प्यायला आमच्या बाजूच्या माठाकडे आला होता आणि जाताजाता हिला हळूच सांगून गेला की तुम्हाला सगळं उलटं दिसतंय. म्हणजे दोघांना तेव्हापासून माहीत! मी म्हटलं, मग भांडण चाललं होतं तेव्हा तोंडात काय धरलं होतं? तर म्हणे, तुमचं दोघांचं ऐकायला पिच्चरपेक्षा मजा येत होती, आणि सुपारीपर्यंत जाईल असं वाटलं नाही. तेव्हा दादा, जोडा शोभतो. दोघेही सारखेच लबाड. हे मोडू देऊ नका.

ता.क. ३. पाकीट पुन्हा उघडलं, डिंक वाया गेला. आत्ता हे सांगत आले की रीळवाला शेठकडे आला होता. म्हणाला, त्या दिवशी टाळ्या झाल्या म्हणून त्याला वाटलं संपला आणि त्याने मशीन बंद केलं, पण एक रीळ पेटीतच राहिलं! म्हातारी जेवायला मागते त्याच्या पुढे अजून आहे. काय आहे ते त्यालाही माहीत नाही, तो मशीन लावून बाहेर चहा पितो. शेठ सतरा तारखेच्या रविवारी ते लावणार आहे, कापड भिंतीवर, सगळे एका बाजूला, मीच सांगून आले. म्हणजे उठली हे अजून पक्कं नाही. तेव्हा वर मी जे लिहून दिलं आहे ते आप्पांना वाचून दाखवा, पण कागद त्यांच्या हातात देऊ नका. शनिवारीच त्यांना आणि योगराजला घेऊन या. सुपारी शनिवारी फोडू. पिच्चर रविवारी बघू.