आमटीच्या वाटीचे कोपरे

असोदा, रविवार, नोव्हेंबर १९९१

कापलं! आबांच्या डोळ्यांदेखत कापलं. वडील असले म्हणून काय झालं, ही वरून बंद, अरुंद होडी, कयाक, मी बांधलीय. गेल्या वेळी तापीत तिच्या पुढच्या बंद भागात पाणी शिरलं, तर पुसायला हात जाईना. वरच्या प्लायवूडला झाकण हवंच होतं. आबांचं सकाळपासून एकच, "नावेले कोनी सोताच्या हातानं भोक पाडतं का?"

पेन्सिल घेतली तर म्हणे, "कोठीसारखं चौकोनी काप." का म्हणून? धान्याची कोठी पाण्यात पिळवटत नाही. टोकदार कोपऱ्यातूनच प्लायवूड चिरतं. मी आमटीची वाटी उपडी ठेवून कोपरे गोल आखले. प्लायवूडखालची आधाराची आडवी पट्टी शाबूत ठेवून करवत चालवली.

संध्याकाळी भोकाला आतून कड बसवली, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी, वर झाकण दोरीनं आवळलं आणि बादलीभर पाणी ओतलं. मग झाकण काढून आबांनाच आत हात घालायला लावला. तळव्याला नुसता कोरडा भुसा!

जेवताना आई वाटी मागायला लागली. मी देणार नव्हतेच. पण आबाच म्हणाले, "राहू दे तिच्याजोळ. नावेचं मांगचं भोक बाकी हाये."