कार्ट्रिज पांढरीच निघते

३ मार्च, सोमवार

क्लोरीनचा वास येत नाही!

सकाळी नऊपासून घरातले सगळे नळ सोडून बसलो आहे. पुस्तिकेत लिहिलंय तसंच केलं – मुख्य चावी बंद, अख्ख्या घराच्या फिल्टरचं निळं नळकांडं पान्याने खोललं, आतली कार्ट्रिज काढली, कपभर ब्लीच ओतलं, पुन्हा आवळलं, चावी सोडली. आता प्रत्येक नळाला ब्लीचचा वास यायला हवा. स्वयंपाकघर – नाही. न्हाणीघर – नाही. मागचा नळ – नाही. आणखी एक कप ओतला. नाही म्हणजे नाही! नळकांडं उघडलं की डोळ्यांत पाणी येतं एवढा वास, आणि नळाला नावालाही नाही.

वाटलं, माझंच नाक गेलं. हिला हाक मारली. तिने ओंजळभर पाणी हुंगलं, काही नाही म्हणाली आणि भिंतीचा आधार घेत आत जाऊन पडली. दीड वर्षात पंधरा किलो उतरली आहे. पोटात कळ आली की उभं राहवत नाही. हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या तपासण्यांआधी फिल्टर, पाइप, सगळं एकदा निर्जंतुक करून घ्या.

एरवी मी नुसतं नळकांडं बादलीत धुतो. पाइपांत ब्लीच सोडत नाही, हिला तो वास सोसत नाही. आणि गरज तरी काय? डॉक्टरीणबाईंना मी छाती फुगवून सांगितलं होतं – आमची कार्ट्रिज सहा महिन्यांनी काढली तरी पांढरीशुभ्र निघते! शेजाऱ्यांची निघते चहाच्या गाळण्यासारखी. आमची मुद्दाम नेऊन दाखवली होती त्यांना.

उद्या प्लंबर येतोय.

४ मार्च

वास का येत नव्हता, ते कळलं.

प्लंबर आला, चप्पलसुद्धा काढली नाही. फिल्टरमागे वाकला, माझं तिथे वाळत घातलेलं फडकं उचललं आणि म्हणाला, "काका, हा बायपासवर आहे."

मागे एक हँडल आहे. उजवीकडे असलं की पाणी फिल्टरमधून घरात. डावीकडे असलं की फिल्टरला वळसा घालून थेट घरात. ते डावीकडे होतं. पाणी फिल्टरपर्यंत येत होतं आणि तिथेच उभं राहत होतं. म्हणून कार्ट्रिज पांढरी! तिच्यातून एक थेंबही गेलेला नाही.

कधीपासून, तेही आठवलं. दोन वर्षांपूर्वी मी नळकांडं धूत होतो, मुलगी आली होती, नातवाच्या आंघोळीला पाणी हवं होतं. तेवढ्यापुरतं मीच हँडल डावीकडे केलं. नंतर मुख्य चावीच बंद करून काम करत आलो. हँडलवर फडकं.

छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला! आणि घरात दोन वर्षं चूक डोळ्यांसमोर. हिचं दुखणं सुरू झालं दीड वर्षापूर्वी.

प्लंबर हँडल फिरवायला निघाला तर मी ओरडलो, हात लावू नकोस. का, ते सांगता येईना. पंचनामा व्हायच्या आधी जागा हलवू नये, असलं काहीतरी डोक्यात आलं असावं. तो हँडल तसंच ठेवून गेला. पिण्यापुरतं पाणी उकळून ठेवलं.

५ मार्च

तिला सांगितलेलं नाही. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा औषधाची वेळ विचारली.

६ मार्च

सांगितलं. भाजी निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं बोलून टाकलं – हँडल, फडकं, आणि मी तिला जे जे ऐकवलं होतं तेही. तू जेवत नाहीस नीट. तू काळजी करतेस नुसती. पाण्याला नावं ठेवू नकोस. कसा नालायक माणूस आहे मी! दोन वर्षं तिला घाण पाजली आणि वर तिलाच बोललो.

ती रागावेल असं धरून चाललो होतो. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हातातली भाजी खाली ठेवली आणि विचारलं, "मग गोळ्यांनी बरं होईल मला?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

लगेच डॉक्टरीणबाईंना फोन. त्या म्हणाल्या, शक्य आहे. पाण्यातून जंतू गेले असतील तर दहा दिवसांच्या गोळ्या, विषय संपला. स्वयंपाकघरातल्या नळाचा नमुना तपासायला द्या. पाण्यात काही नसेल तर मात्र दुर्बिणीची तपासणी टाळता येणार नाही. त्या तपासणीच्या नावानेच हिचे हातपाय गार पडतात. तिची मोठी बहीण तशाच तपासणीनंतर चार महिन्यांत गेली.

७ मार्च

नमुना दिला. मगच हँडल उजवीकडे. पुन्हा ब्लीच, पुन्हा सगळे नळ. पाचव्या मिनिटाला ही आतून म्हणाली, "आला हो वास." तोंडाला पदर लावून बसली, पण कुरकुर नाही. अर्धा तास थांबून सगळं धुऊन काढलं, नवी कार्ट्रिज घातली.

८ मार्च

देवा, पाणी घाण निघू दे.

काय लिहितोय मी हे! पण खरं तेच. माझी चूक ठरू दे. मुलीने फोनवर हवं ते बोलावं, शेजाऱ्यांनी हसावं, काही म्हणणं नाही. एकच गोष्ट टोचते – तेच पाणी मीही प्यालो आणि मी ठणठणीत आहे. दुपारी पोटात जरा दुखल्यासारखं झालं. इतका आनंद झाला! मग लक्षात आलं, भाजीत मिरची जास्त पडली होती.

९ मार्च, रविवार

हिने दोन घास जास्त खाल्ले. सैल झालेले ब्लाउज आत घ्यायला काढले होते, ते परत कपाटात ठेवले. म्हणाली, अंग भरेल आता, उगाच दुहेरी काम कशाला. मुलीशी फोनवर हसत होती – तुझ्या बाबांनी मला दोन वर्षं काय पाजलं ऐक! मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होतो. माझी अशी थट्टा रोज झाली तरी चालेल.

११ मार्च

अहवाल आला. पाणी स्वच्छ. एकही जंतू नाही.

तिने कागद दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "चला, सुटलात तुम्ही."